अजून एक टाकी लाव!

वऱ्हाडात अडचण कुठलीही असो, इलाज एकच : अजून थोडं वाढवा. पंगतीला माणसं जास्त झाली, वरणात पाणी वाढवा. मांडव अपुरा पडला, कनात वाढवा. लग्नपत्रिकेत एखाद्या मामेभावाचं नाव राहिलं तर तो आयुष्यभर आपल्या दारावरून मान वळवून जातो, म्हणून पत्रिकेला पान वाढवा. बोअरला पाणी लागलं नाही तर अजून पन्नास फूट वाढवा, आणि तरीही नाही लागलं तर कर्ज वाढवा. कमी करणं हा उपाय आमच्या स्वभावातच नाही. कमी करणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणत नाही, 'चिंगूस' म्हणतो.

अशा मुलखात, वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजार या गावी, चंद्रावर जाणारं खरंखुरं यान बांधायला घेणं म्हणजे साऱ्या पूर्वजांशी भांडण मांडणं आहे. हे भांडण सध्या माझ्या पुतण्याने मांडलं आहे.

यान संगणकावरचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कुणीतरी पाहायला यायचं आणि येताना नोकरीचा अर्ज घेऊन यायचं. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' नावाचा एक खेळ आहे. मेक्सिको सिटीतल्या 'स्क्वाड' या कंपनीने तो २०११मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आणला. ही कंपनी मुळातली जाहिरातींच्या धंद्यातली. जाहिरातवाल्यांनी काढलेली आणि तरीही गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी जमिनीवर आणणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. खेळात हिरव्या रंगाची, बुटकी, डोक्याने मोठी माणसं असतात. त्यांना कर्बल म्हणायचं. गोदामातून टाकी, इंजिन, पंख, बॅटरी, पॅराशूट असे सुटे भाग उचलायचे, एकाखाली एक जोडायचे, वर एक कर्बल बसवायचा आणि स्पेसबार दाबायचा. मग यान उडतं. निदान कर्बलची तशी समजूत असते. त्यांच्यात जेबेडाया नावाचा एक वीर आहे. यान पेटलं, उलटं झालं, समुद्रात चाललं तरी तो हसतच असतो. आमच्या आजीला तो फार आवडतो. "पोरगं गुणी आहे," ती म्हणते, "कायचीच कटकट नाही त्याची."

पुतण्या अकोल्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत घरी आला की ओट्यालगतच्या खोलीत यान बांधायला बसतो. त्या खोलीत कूलर आहे आणि संगणकासाठी घेतलेला इन्व्हर्टरही आहे. मे महिन्यात दुपारी गावातल्या जाणत्या माणसांना अंतराळविज्ञानात एकाएकी रुची का निर्माण होते, हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल. वेल्डिंगवाले भाऊ येतात, निवृत्त तलाठी येतात, कृषी केंद्रवाले शेठ दुपारचं शटर ओढून येतात. सगळे खुर्च्या घेतात आणि पुतण्याच्या पाठीमागे बसून देशाचा अंतराळ कार्यक्रम चालवतात.

पहिल्या दिवशी यान उडालं, थोडं वर गेलं, इंधन संपलं आणि खाली आलं. खोलीत शांतता पसरली. मग वेल्डिंगवाले भाऊ म्हणाले, "अबे, अजून एक टाकी लाव ना!"

पुतण्याने टाकी लावली. यान जड झालं, त्यामुळे इंजिनाला ते जागचं हलेना. "मंग एक इंजिन वाढव." इंजिन वाढवलं. दोन इंजिनं दुप्पट इंधन प्यायला लागली. "मंग आखीन टाक्या लाव, बाजूनं लाव." बाजूने लावल्या. आता यान उंचीपेक्षा रुंदीला जास्त झालं आणि उडताना मधून डुलायला लागलं. सांधे सैल पडत होते. इथे भाऊंना स्वतःचा विषय सापडला. ते खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. "इथं एक पट्टी मार. इथं एक तिरपी मार. काही होत नाही मंग." खेळात अशा आधाराच्या दांड्या खरोखरच मिळतात, आणि जगभरचे खेळाडू अडलं की दांडी मारतात, हे ऐकून भाऊंना आपण मेक्सिकोतही मान्यता पावलो असं वाटलं. पट्ट्या मारमारून यान घट्ट झालं, जड झालं आणि आधीपेक्षा कमी उंचीवरून खाली आलं.

हा छळ खेळ बनवणाऱ्यांनी शोधलेला नाही. तो १९०३मध्ये कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की नावाच्या रशियन शाळामास्तराने कागदावर मांडून ठेवला. त्यांना ऐकू कमी यायचं. मागे बसलेल्यांचे सल्ले कानावर पडत नसल्यामुळेच त्यांचं गणित बरोबर आलं असावं, असा माझा अंदाज आहे. गणिताचा सारांश असा. समजा, शेलूबाजारहून मुंबईला ट्रॅक्टर न्यायचा आहे आणि वाटेत एकही पंप नाही. मग सगळं डिझेल ट्रॉलीत भरून सोबत घ्यायचं. पण ट्रॉली ओढायला जास्त डिझेल लागतं, ते न्यायला दुसरी ट्रॉली, ती ओढायला मोठा ट्रॅक्टर, त्याला आणखी डिझेल. शेवटी जे निघतं त्यात डिझेलच असतं, आणि मुंबईला पोहोचतो तो फक्त ड्रायव्हर, तोही पायी. रिकामी झालेली ट्रॉली वाटेत सोडून द्यायची अक्कल ज्याला सुचली, त्याने अनेक टप्प्यांचा अग्निबाण शोधला.

पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग हवा. आमच्या गावाला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आहे, त्यामुळे वेगाच्या गोष्टी आम्ही त्याच मापाने मोजतो. महामार्ग ७०१ किलोमीटरचा आणि गाडीला मर्यादा ताशी १२०. यानाच्या वेगाने निघालं तर नागपूर ते मुंबईचं टोक दीड मिनिटात संपतं. हे कळल्यावर शेठनी पहिला प्रश्न केला तो टोलचा.

हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षणाशी झटापट धरली तर कक्षेत पोहोचेपर्यंत सेकंदाला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास वेगाचा खर्च येतो. तो भागवायला इस्रोचा एलव्हीएम-३ हा अग्निबाण सुमारे ६४० टन वजन घेऊन उभा राहतो. १४ जुलै २०२३ला त्याच्या माथ्यावर चांद्रयान-३ होतं, त्याचं वजन ३,९०० किलो. त्यातलं चंद्रावर उतरणारं विक्रम १,७५२ किलो, आणि विक्रमच्या पोटातून बाहेर पडून चंद्रावर चाललेली प्रज्ञान गाडी २६ किलो. म्हणजे ६४० टनांनी जोर लावला तेव्हा २६ किलोची गाडी चंद्राच्या मातीवर चालली. वरणात पाणी वाढवणाऱ्या माणसाला हा हिशेब झोप येऊ देत नाही.

दुसरी अडचण दिशेची. यान जरा वर गेलं की पुतण्या ते हळूहळू आडवं करतो. तलाठ्यांनी हे पाहिलं आणि नोंद घेतली. "चंद्र वर आहे. मंग हे आडवं काऊन चाललं?"

"काका, नुसतं वर गेलं तर परत खालीच येते. आडवा वेग लागते. पडत राहायचं, पण जमीन चुकवायची."

"जमीन चुकवायची?" तलाठ्यांची सगळी हयात लोकांच्या जमिनी चुकू नयेत म्हणून गेलेली. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. पण कक्षा म्हणजे हेच : इतक्या वेगाने आडवं पडायचं की पृथ्वीचा गोलावा खालून निसटत राहावा. न्यूटनने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी डोंगरावर तोफ ठेवून हीच गोष्ट समजावली होती. आमच्या खोलीत ती अजून पूर्ण मान्य झालेली नाही.

तरीही पुतण्या एके दिवशी कक्षेत पोहोचला, आणि त्याच दिवशी घोटाळा झाला. यान पृथ्वीभोवती नाही, 'कर्बिन' नावाच्या ग्रहाभोवती फिरत होतं. तलाठ्यांनी चौकशी सुरू केली. कर्बिनची त्रिज्या किती? सहाशे किलोमीटर. पृथ्वीची? ६,३७१. गुरुत्वाकर्षण? सारखंच. म्हणजे दहापटीहून लहान ग्रह आणि ओढ मात्र पृथ्वीएवढीच! असा ग्रह निघायचा तर त्याची माती शिशापेक्षा कितीतरी जड निघायला हवी. आणि इतक्या लहान ग्रहाभोवती फिरायला वेगही कमी पुरतो, सेकंदाला जेमतेम सव्वादोन किलोमीटर. तलाठ्यांनी चष्मा काढला. "बाप्पू, हे खोटं आहे. नकाशाच खोटा आहे. खरी पृथ्वी घे."

खेळ बनवणाऱ्यांनी ही लबाडी मुद्दाम केलेली आहे. खरी पृथ्वी दिली असती तर पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकांनी संगणक भंगारात घातला असता. पण पोराच्या मानेवर एकदा 'खोटं' हा शब्द बसला की तो उतरत नाही. जगभरात अशी दुखावलेली पोरं पुष्कळ असावीत. त्यांनी मिळून या खेळाला 'रिॲलिझम ओव्हरहॉल' नावाची जोड तयार केली आहे. ती आणि तिच्या सोबतच्या जोडण्या बसवल्या की ग्रह खऱ्या मापाचे होतात, इंजिनं खऱ्या गुणदोषांची होतात आणि घरातलं वातावरणही खरं होतं, म्हणजे कुणी कुणाशी बोलत नाही.

साध्या खेळात द्रव इंधनाचं इंजिन हवं तेव्हा बंद करा, हवं तेव्हा चालू करा, कान पिळावा तसा जोर कमीजास्त करा. खऱ्या जगात बरीच इंजिनं एकदाच पेटतात. विझली की विझली. काही दोनतीनदा पेटतात, पण त्याआधी टाकीतलं इंधन तळाशी बसलेलं असावं लागतं. अंतराळात वजन जाणवत नसल्यामुळे इंधन टाकीभर गोळे होऊन तरंगतं, इंजिनाच्या तोंडाशी गॅस येतो आणि इंजिन खोकतं. म्हणून आधी छोटे झोतक, म्हणजे थ्रस्टर, उडवून यानाला पुढे ढकलायचं, इंधन खाली बसवायचं, मगच मोठं इंजिन पेटवायचं. पुतण्या हे विसरला आणि यान चंद्राच्या बाजूला निघण्याऐवजी आहे तिथेच फिरत राहिलं. भाऊ म्हणाले, "चोक देऊन पाहा." खोलीत तेवढा एकच मुद्देसूद सल्ला आजवर आला, आणि नेमका तोच उपयोगाचा नव्हता.

घन इंधनाची तऱ्हा याहून वेगळी. ते पेटलं की संपेपर्यंत थांबत नाही. ब्रेक नाही, क्लच नाही. एलव्हीएम-३ला दोन बाजूंना जे दोन बूस्टर असतात, त्या प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त असं इंधन भरलेलं असतं. त्यांच्या आवरणाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात तयार होतात, आणि मधल्या टप्प्याची 'विकास' इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजकडे. भारताच्या घन इंधनाचा पाया घालणाऱ्यांत वसंत गोवारीकरांचं नाव पुढे येतं. आमच्याकडच्या सोयाबीनवाल्यांना ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक : १९८८मध्ये त्यांनी सोळा घटक धरून पावसाचा अंदाज सांगायची रीत बसवली. अग्निबाण आणि मान्सून या दोन बेभरवशाच्या गोष्टी एकाच माणसाने अंगावर घेतल्या, म्हणून शेठ त्यांना हात जोडतात. शेठचं बियाणं दोन्हीपैकी एकावर अवलंबून आहे.

द्रवरूप हायड्रोजन हा आणखी एक खरेपणा. तो उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो, नाहीतर उडून जातो. खोट्या खेळात टाकी भरून ठेवा, दहा वर्षांनी या, इंधन तसंच. खऱ्या जोडणीत पुतण्या जेवून येईपर्यंत टाकी हलकी झालेली. हे क्रायोजेनिक प्रकरण भारताला सहज मिळालं नाही. रशियाकडून तंत्रज्ञान घ्यायचा करार अमेरिकेच्या दबावामुळे अडला, आपलं इंजिन आपणच घडवावं लागलं, एप्रिल २०१०मध्ये ते फसलं आणि जानेवारी २०१४मध्ये जीएसएलव्ही अग्निबाणावर बसून यशस्वी झालं. हे सगळं पुतण्याने आजीला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं थंड ठेवतात, तं लाईन गेल्यावर काय करतात?"

विजेचा प्रश्न मोलाचाच आहे. यान बांधणारा इंजिनाकडे पाहतो, टाकीकडे पाहतो, आणि सौरपट्ट्या लावायच्या विसरतो. चंद्राजवळ गेल्यावर बॅटरी संपते आणि यान मुकं होतं. लावल्या तर अशा बाजूला लावतो की ऊन दुसरीकडून येतं. आमच्या खोलीत एकदा यानातली आणि गावातली वीज एकाच वेळी गेली. संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला, यान मात्र गेलं. त्या दिवशी सगळ्यांनी एकमुखाने यानाला दोष दिला, कारण दुसऱ्या बाजूला दोष देऊन काही होत नाही याचा अनुभव सर्वांना होता. खुद्द विक्रम आणि प्रज्ञानचा जीवही उन्हावरच होता. चंद्रावरचा एक दिवस, म्हणजे आपले सुमारे चौदा दिवस, एवढंच त्यांचं ठरलेलं आयुष्य. सप्टेंबर २०२३च्या सुरुवातीला त्यांना झोपवलं आणि पुढच्या सूर्योदयाला ते उठले नाहीत. "चौदा दिवस सलग लाईन!" कृषीपंपवाला शेजारी हळहळला. त्याला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

मग अन्नपाणी. साध्या खेळातले कर्बल काहीच खात नाहीत. चंद्रावर वर्षभर अडकले तरी खिडकीतून हसत बसतात. आजीला हे पटेना. "पोरं उपाशी बसवली न् तुम्ही इथं भजे खाता?" पुतण्याने खरेपणाच्या जोडीला जीवरक्षणाचीही जोड बसवली. आता प्रत्येक कर्बलला अन्न, पाणी, प्राणवायू लागायला लागला आणि त्या डब्यांचं वजन टाक्यांच्या वजनात जाऊन बसलं. चंद्रावर अडकलेल्या जेबेडायाला आणायला दुसरं यान गेलं, तेही तिथेच अडकलं. त्यांच्या सुटकेसाठी तिसरं यान निघालं तेव्हा तलाठी म्हणाले की एवढी माणसं तिथे जमली असतील तर आता ग्रामपंचायतच द्या.

हसण्यासारखं आहे, पण खरे अंतराळवीरही यातून सुटलेले नाहीत. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ५ जून २०२४ला आठवडाभराच्या हिशेबाने निघाले. बोइंगच्या स्टारलायनरचे काही झोतक अडखळले, हेलियम गळायला लागला, यान रिकामंच परत आणायचं ठरलं. दोघं मार्च २०२५मध्ये दुसऱ्या कंपनीच्या यानातून घरी आले, म्हणजे नऊ महिन्यांनी. आठ दिवसांच्या माहेरपणाला नऊ महिने लागले तर आमच्याकडे वेगळ्या चर्चा होतात. तिथे फक्त झोतकांची झाली.

भाग सोडण्याचा क्रम ही यान बांधणाऱ्याची खरी परीक्षा. स्पेसबार दाबत गेलं की टप्पे एकेक सुटत जातात. त्यांची यादी पडद्याच्या कडेला असते आणि ती कुणीच वाचत नाही. त्यामुळे इंजिनासोबत पॅराशूटही जमिनीवरच उघडतं, किंवा कर्बल बसलेली कुपी आधी सुटते आणि यान तिच्याशिवाय निघून जातं. हे फक्त पोरांचं होतं असं नाही. ३१ ऑगस्ट २०१७ला इस्रोचा पीएसएलव्ही-सी३९ अगदी झोकात उडाला, पण माथ्यावरचं उष्णतारोधक कवच सुटलंच नाही. ते ओझं अंगावर घेऊन हवा तेवढा वेग मिळाला नाही, आणि आतला उपग्रह कवचाच्या आतच राहिला. एवढ्या नावाजलेल्या, भरवशाच्या अग्निबाणाला एका न उघडलेल्या टोपणाने हरवलं. पुतण्याने ही हकिगत सांगितली तेव्हा भाऊ सोडून सगळे गंभीर झाले. भाऊ म्हणाले, "ग्रीस नसन मारलं."

या सगळ्यावर मात केली तरी संगणकाचा स्वतःचा एक राक्षस उरतो. यान मोजमापाच्या आरंभबिंदूपासून फार दूर गेलं की त्याच्या जागेचे आकडे एवढे मोठे होतात की संगणकाला बारीक दशांश सांभाळता येत नाहीत. त्याला वाटतं इंजिन दोन बोटं इकडे आहे, मग वाटतं दोन बोटं तिकडे आहे, आणि धडधाकट यान कुणी हात न लावता फाटून जातं. खेळाडूंनी या संकटाला समुद्रातल्या राक्षसावरून 'क्रॅकन' म्हटलं. बनवणाऱ्यांनी त्यावर इलाज काढला तो असा : वेग वाढला की यान जागेवर ठेवायचं आणि विश्वच मागे सरकवायचं. ग्रह, चंद्र, तारे, सगळं यानाभोवती हलतं. हे ऐकल्यावर शेठ म्हणाले, "मंग हे आमच्या पुढाऱ्याचं यान झालं." विज्ञानाचं एवढं अचूक आकलन त्या खोलीत पुन्हा दिसलं नाही.

शेवटी प्रश्न उतरण्याचा. आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. अंतराळातून आलेला दगड बसाल्टच्या खडकावर पॅराशूट आणि इंजिन दोन्हींशिवाय उतरला की काय होतं, त्याचा सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा दाखला तिथे कायम उघडा आहे. पुतण्याची बरीच यानं लोणारच्या पद्धतीने उतरली. चंद्रावर हवा नाही, म्हणजे पॅराशूट नाही. वेग मारायचा तो फक्त इंजिनाने, आणि इंधन संपायच्या आत. चांद्रयान-२चं विक्रम ७ सप्टेंबर २०१९च्या पहाटे इथेच हरलं. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा किंचित जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या, सावरायला जेवढं वळायला हवं होतं तेवढं वळायची मुभा संगणकाच्या आज्ञावलीत नव्हती, आणि उतरायची जागा होती अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३च्या वेळी इस्रोचे अध्यक्ष असलेल्या एस. सोमनाथ यांनी हे पुढे जाहीरपणे सांगितलं. चांद्रयान-३ बांधताना 'काय केलं की जमेल' असं विचारण्याऐवजी 'काय काय बिघडू शकेल' असं विचारलं, हेही सांगितलं. जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाय मजबूत केले, सेकंदाला तीन मीटर वेगाने आपटलं तरी टिकतील असे. सौरपट्ट्या वाढवल्या. इंधन वाढवलं. मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं.

इथे खोलीत एकच कल्लोळ झाला. भाऊ उभे राहिले. "पाहा! इंधन वाढवलं ना? म्हणजे टाकी वाढवलीच ना शेवटी!"

मला क्षणभर वाटलं, वऱ्हाड जिंकला. पण तलाठ्यांनी पुतण्याकडून आकडे मागवून घेतले आणि सातबारा तपासावा तसे तपासले. विक्रम १,४७१ किलोवरून १,७५२वर गेलं, म्हणजे २८१ किलो वाढ. ही आली कुठून? चांद्रयान-२सोबत २,३७९ किलोचा ऑर्बिटर होता. तो चंद्राभोवती व्यवस्थित फिरत होता, तेव्हा नवा न्यायची गरज नव्हती. त्याच्या जागी २,१४८ किलोचा साधा वाहक नेला आणि २३१ किलो वाचवले. एकूण वजन ३,८५० वरून ३,९०० झालं, म्हणजे निव्वळ वाढ पन्नास किलो. तलाठ्यांनी कागद खाली ठेवला. "फेरफार बरोबर आहे," ते म्हणाले. "एकीकडचं कमी केलं, मंग दुसरीकडे चढवलं. तुम्ही भाऊ, नुसतं चढवता."

२३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरलं, ते या फेरफारामुळे. खामगावहून त्यासाठी उष्णतारोधक कापड आणि चांदीचं सामान गेल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या, त्यामुळे यशाचा काही वाटा पश्चिम विदर्भाने आधीच आपल्या नावावर चढवून घेतला आहे.

तो कागद पाहिल्यापासून पुतण्याच्या यानाची रया गेली. पंख गेले, शोभेचा दिवा गेला, भाऊंच्या पट्ट्या गेल्या, तीन कर्बलांच्या जागी एक उरला. इस्रोसारखाच पुतण्याही आता थेट चंद्राकडे झेप घेत नाही. पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या मारत, दर फेरीला थोडा जोर देत जातो. अपोलो-११ला सुमारे २,९०० टनांचा सॅटर्न-५ मिळाला होता, म्हणून ते चार दिवसांत पोहोचलं. चांद्रयान-३ने चाळीस दिवस घेतले. बुटकं, बेढब, चार पायांचं ते यान परवा चंद्रावर उतरलं आणि कलंडलंही नाही. खोलीत टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. एवढंसं यान पाहून शेठचा विरस झाला. भाऊंना त्यात आपलं काहीच उरलं नाही याचं वाईट वाटलं. आजीने फक्त पोराकडे डबा आहे का ते विचारलं. होता.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी कुणी यान बांधत असेल आणि त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचा योग आला, तर 'अजून एक टाकी लाव' जरूर म्हणा. जिभेला सवय असते, ती मोडू नये. फक्त त्याच दमात काय उतरवायचं तेही सांगा. ते सांगता येत नसेल तर कूलरची हवा घ्या आणि गप्प बसा. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र मोठीच घ्या. ती जमिनीवर राहते, तिचं वजन कुणी मोजत नाही.